ऊर्जा संशोधन करणारा केमिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक व्हायचंय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात दोन मोठ्या रांगा दिसतात, एक नीटवाल्यांची आणि दुसरी कॉम्प्युटरवाल्यांची. केमिकलबद्दल विचारायला येणारे मोजकेच असतात. त्यातही ‘प्राध्यापक होऊन ऊर्जेवर संशोधन करायचंय, स्वतःचं काही शोधायचंय’ म्हणणारा एखादाच. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दर जूनमध्ये जे प्रश्न फिरून फिरून येतात ते खाली दिले आहेत. उत्तरांत माझी मतंही मिसळलेली आहेत, तेवढं धरून वाचा.

केमिस्ट आणि केमिकल इंजिनिअर एकच की?

नाही. आपल्याकडचा साखर कारखाना डोळ्यांपुढं आणा. लॅब केमिस्ट रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे टक्के) आणि पोल (साखरेचे टक्के) काढतो, म्हणजे रसात काय आणि किती आहे ते सांगतो. त्या रसातलं पाणी किती वाफेवर आणि किती भांड्यांतून उडवायचं, त्यासाठी बॉयलरमध्ये किती बगॅस (उसाचा चोथा) जाईल, हे ठरवणं केमिकल इंजिनिअरचं काम. रसायनशास्त्रज्ञाला अभिक्रिया होते का आणि कशी होते हे हवं असतं. इंजिनिअरला तीच अभिक्रिया तासाला पाच टनांनी चालवायची असते. त्यातली उष्णता कुठं जाईल, नळी किती जाडीची लागेल, उरलेल्या घाणीचं काय करायचं, असले प्रश्न त्याच्या वाट्याला येतात.

वेगळी विद्याशाखा म्हणून हे सगळं फार जुनं नाही. इंग्लंडात जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरला १८८७ च्या सुमारास यावर व्याख्यानं दिली. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारी संस्था, १९३३ ची. आज तिला आयसीटी म्हणतात, पण जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात.

ऊर्जा संशोधन म्हणजे सोलर पॅनेलच ना?

सोलर पॅनेल हा त्यातला एक भाग झाला. पदार्थाचं रूप बदलून ऊर्जा मिळते, साठते किंवा वाचते, तिथं तिथं केमिकल इंजिनिअर लागतो. क्रूड तेलापासून पेट्रोल, मळीपासून इथेनॉल, प्रेसमडपासून (रस गाळताना उरलेल्या गाळापासून) बायोगॅस, बॅटरीतलं द्रावण, हायड्रोजन, धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडणं, हे सगळं त्यात आलं.

‘वाचते’ हा शब्द मुलं सोडून देतात. नवी ऊर्जा शोधण्याला वलय असतं आणि वाफ वाचवणं कुणाला कौतुकाचं वाटत नाही. माझ्या मते या क्षेत्रातले टिकाऊ शोध बहुतेक करून वाया जाणाऱ्या गोष्टीकडं नीट बघण्यातून आले आहेत. पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यासाठीच लांबवलंय.

साखर कारखान्यात आता शोधण्यासारखं काय उरलंय?

आधी काय शोधलं गेलं ते बघू. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्या प्रत्येकात एका माणसाची कल्पना रोज चालते. त्याचं नाव इथं फार कुणी ऐकलेलं नसतं. नॉर्बर्ट रिल्यू. जन्म १८०६, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे इंजिनिअर, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. गावात गुलामगिरी चालू होती. मुलगा शिकायला पॅरिसला गेला आणि चोविसाव्या वर्षाच्या आसपास तिथल्या एकोल सेंत्राल या संस्थेत शिकवायला लागला. वाफेची यंत्रं हा त्याचा विषय. केमिकल इंजिनिअरिंग हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं, पण आपण ज्या प्राध्यापकाबद्दल बोलतोय तो हाच.

त्या काळी रस उघड्या कढयांत, खाली जाळ घालून आटवत. लाकूड बेसुमार लागायचं, साखर करपायची आणि उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतताना गुलाम मजूर भाजून निघायचे. रिल्यूनं बंद भांडी एकापुढं एक जोडली. पहिल्या भांड्यातल्या रसातून जी वाफ उठते तीच दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरायची, दुसऱ्यातली तिसऱ्याला. आता मेख अशी, की पहिल्यातून उठलेली वाफ पहिल्याला दिलेल्या वाफेपेक्षा थंड असते, मग तिनं दुसरं भांडं उकळेल कसं? त्यानं पुढच्या भांड्यांतली हवा काढून दाब उतरवला. दाब उतरला की रस कमी तापमानाला उकळतो. एवढ्या एका युक्तीवर सगळं उभं आहे. त्याची पेटंटं १८४३ आणि १८४६ ची.

हिशेब करून बघा. एक टन ऊस गाळला की वरून घातलेलं पाणी धरून साधारण एक टन रस निघतो, ब्रिक्स चौदाच्या आसपास. तो साठ ब्रिक्सपर्यंत आणायचा तर जवळपास ७६५ किलो पाणी उडवावं लागतं. एकाच भांड्यात केलं तर ढोबळमानानं तेवढीच वाफ लागेल. चार भांडी जोडली तर त्याच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास भागतं. आता बगॅस बघा. टनाला २८० ते ३०० किलो बगॅस, त्यात निम्मं पाणी. किलोला सव्वादोन किलो वाफ धरली तरी साडेसहाशे किलोच्या आसपास वाफ होते. म्हणजे रिल्यूची युक्ती नसती तर कारखान्याचा सगळा बगॅस जाळूनही नुसता रस आटला नसता, पुढं साखरेचे दाणे पाडणाऱ्या पॅनला वाफ उरणं तर लांबच. आज तोच कारखाना बगॅसवर चालतो आणि वर कोजनची वीज महावितरणला विकतो.

आता उरलेलं काम. जुन्या कारखान्यांत उसाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास वाफ लागायची. नीट बांधलेल्या कारखान्यांत ती ३५ ते ४० टक्क्यांवर आली आहे. ती आणखी खाली आणणं हा जिवंत विषय आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) निघतं. ते आटवायला पुन्हा वाफ लागते आणि आटवताना ते नळ्यांना चिकटतं. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध केलेला बायोगॅस मिळतो, पण हंगाम संपल्यावर प्रेसमड साठवून ठेवलं तर त्यातला गॅस आधीच उडून जातो. बगॅसमधलं सेल्युलोज फोडून इथेनॉल करायचं, ज्याला टूजी म्हणतात, ते तंत्र आलंय. पानिपतचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. पण पेंढा किंवा बगॅस फोडायचा खर्च अजून मळीच्या रस्त्यापेक्षा जास्त पडतो. तो खाली आणणाऱ्या माणसाची वाट सगळेच बघतायत.

हे प्राध्यापक व्हायचा रस्ता कसा असतो?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मग एमएचटी-सीईटी किंवा जेईई. चार वर्षांची पदवी. त्यानंतर गेट परीक्षा, केमिकलचा पेपर ‘सीएच’. मग दोन वर्षांचं एम.टेक. किंवा काही संस्थांत थेट पीएच.डी. पीएच.डी.ला चार ते पाच वर्षं, कधी जास्त. त्यावर अनेक जण परदेशात किंवा देशात एक-दोन वर्षं पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरचं संशोधन) करतात. स्वतःची लॅब मिळेपर्यंत तिशी उलटते. पालकांना हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पंचविशीत ‘अजून शिकतोच आहेस होय’ सुरू होतं.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणारा रस्ताही आहे. अशा मुलांना यंत्राची भीती नसते, गणित मात्र कच्चं राहतं. पुढं संशोधन करायचं असेल तर गणिताकडं दुर्लक्ष चालत नाही.

सोलापुरातून कुठं जायचं?

केमिकलसाठी आपली बरीच मुलं बाहेरच जातात. मुंबईची आयसीटी, तिचंच जालन्याचं केंद्र, नागपूरची एलआयटी (१९४२ ची, आता विद्यापीठ झाली आहे), लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, जळगाव विद्यापीठाची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था. जवळचं पाहिजे तर वारणानगर, कोल्हापूर, पुणे, लोणी. दरवर्षी कुठं जागा वाढतात, कुठं शाखाच बंद होते, म्हणून कॅप फेरीची त्या वर्षीची यादी स्वतः बघा. शेजारच्याच्या पुतण्याचं ऐकून फॉर्म भरू नका.

पीएच.डी.साठी गाव न बघता गाइड बघा. पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० मध्ये सुरू झालेली. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, साखर आणि अल्कोहोलच्या कामासाठी. इंद्रायणी किंवा हुतात्मा एक्सप्रेस पकडली की चार तासांत पुणे, त्यामुळं ‘लांब आहे’ ही सबब धरू नका.

मराठी माध्यमाचा मुलगा टिकेल का?

टिकतो. गणपती यादव कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे. यूडीसीटीत शिकले, प्रा. मनमोहन शर्मांकडं पीएच.डी. केली, तिथंच प्राध्यापक झाले. आयसीटीचे पहिले कुलगुरू तेच, २००९ ते २०१९. २०१६ मध्ये पद्मश्री. उत्प्रेरक हा त्यांचा विषय. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रिया वेगानं घडवणारा पदार्थ. त्यांच्या वेळी आयसीटीत ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या तांबे-क्लोरीन चक्रावर काम झालं. नुसत्या उष्णतेनं पाणी फोडायचं तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. तांब्याच्या क्लोराइडांची साखळी मध्ये घातली की साडेपाचशे अंशांच्या आसपास भागतं, कारण एका मोठ्या उडीऐवजी लहान लहान टप्पे पडतात आणि शेवटी तांबं आणि क्लोरीन परत पहिल्या जागी येतात.

रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत म्युनिसिपल शाळेत शिकले, तेही यूडीसीटीचेच केमिकल इंजिनिअर, पुढं एनसीएलचे संचालक. आणि ज्यांनी ही पिढी घडवली ते शर्मा जोधपूरचे. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन १९६४ मध्ये परतले आणि सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीत प्राध्यापक झाले. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, भारतीय इंजिनिअरांत पहिले.

भाषेची अडचण पहिलं वर्षभर येते. त्यानंतर अडचण येते ती डिफरन्शियल इक्वेशनची, आणि ती सगळ्याच माध्यमांच्या मुलांना येते.

आमची मुलगी म्हणते केमिकल. मुलींनी प्लँटवर कसं काम करायचं?

जसं मुलं करतात तसं. मुलीला ज्यांचं नाव सांगावं अशा एक बाई आहेत. फ्रान्सेस आर्नल्ड. पदवी मेकॅनिकलची, १९७९. सुरुवातीला नोकरी अमेरिकेच्या सौरऊर्जा संशोधन संस्थेत. सरकार बदललं, सौरऊर्जेचा पैसा आटला, त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात गेल्या आणि १९८५ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केली. मग कॅलटेकमध्ये प्राध्यापक. प्रथिनं कशी रचायची याची अक्कल अजून माणसाला नाही, तर निसर्गासारखंच करू, बदल घडवत जाऊ आणि त्यातून कामाचं निवडत जाऊ, ही त्यांची पद्धत. त्यातून नवे एन्झाइम (अभिक्रिया वेगानं घडवणारी प्रथिनं) मिळाले. २००५ मध्ये त्यांनी साखरेपासून इंधन बनवणारी गेव्हो नावाची कंपनी सहकाऱ्यांबरोबर काढली. २०१८ मध्ये रसायनाचं नोबेल.

संशोधन फसलं तर? अख्खी पाच वर्षं पाण्यात?

प्रयोग फसणं हे रोजचंच आहे, त्याला कुणी पाण्यात गेलं म्हणत नाही. खरी परीक्षा लोकांपुढं मांडलेलं चुकतं तेव्हा असते. याच आर्नल्ड बाईंनी नोबेलनंतर, जानेवारी २०२० मध्ये, आपला आदल्या वर्षीचा शोधनिबंध मागं घेतला. प्रयोग पुन्हा करून बघितले तर तेच निकाल येत नव्हते, लॅबवहीतल्या नोंदी अपुऱ्या होत्या. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. त्यानं त्यांचं नाव गेलं नाही. लॅबवही नीट लिहिणं हे आपल्याकडं जर्नल पूर्ण करून सही घेण्याइतकंच समजतात, त्याचा मला फार राग येतो.

लॅबमध्ये जमलं म्हणजे शोध लागला ना?

इथंच बहुतेक गोष्टी अडकतात. फ्रिट्झ हाबर जर्मनीत कार्ल्सरूहला प्राध्यापक होते. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून त्यांनी १९०९ मध्ये टेबलावर अमोनिया थेंब थेंब काढून दाखवला. बीएएसएफ कंपनीनं कार्ल बॉश यांच्यावर ते मोठं करायचं काम सोपवलं. दाब हवेच्या दाबाच्या दोनशे पट, तापमान पाचशे अंशांच्या घरात. पोलादी नळ्या काही दिवसांत फुटायला लागल्या. बॉश यांनी फुटलेली नळी कापून बघितली. तापलेला हायड्रोजन पोलादातला कार्बन खाऊन टाकत होता आणि पोलाद ठिसूळ होत होतं. त्यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, त्यात कार्बनच नाही म्हणून हायड्रोजनला खायला काही नाही. बाहेर ताण सोसायला पोलाद, आणि अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून त्या पोलादाला बारीक भोकं. मजबूत भांड्याला मुद्दाम भोकं पाडायची! ओप्पाऊचा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला. हाबरना नोबेल मिळालंच, बॉशनाही १९३१ मध्ये मिळालं.

तीच गोष्ट पेट्रोलची. एमआयटीचे वॉरन लुईस आणि एडविन गिलिलंड या प्राध्यापकांनी दाखवलं, की उत्प्रेरकाची बारीक पूड खालून वायू सोडून तरंगती ठेवली तर ती पाण्यासारखी नळीतून वाहते. मग काजळी धरलेली पूड एका भांड्यातून काढून दुसऱ्यात जाळून साफ करता येते, काम थांबत नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत बॅटन रूजला त्यावर पहिला कारखाना चालला. आजच्या रिफायनऱ्यांत पेट्रोलचा मोठा हिस्सा याच रीतीनं निघतो.

म्हणून ‘नवा पदार्थ सापडला, आता मोबाइल पाच मिनिटांत चार्ज’ असल्या बातम्या वाचल्या, की किलो किती बनवले आणि किती वेळा चालवून बघितले एवढं विचारा.

डॉक्टरेट नसेल तर शोध लावता येत नाही का?

येतो. अकिरा योशिनो यांनी आजच्या लिथियम-आयन बॅटरीचा नमुना १९८५ मध्ये बनवला. असाही कासेई या रसायन कंपनीत ते नोकरीला होते, शिक्षण क्योतो विद्यापीठात पेट्रोकेमिस्ट्रीचं. सोनीनं १९९१ मध्ये ती बॅटरी बाजारात आणली. योशिनोंना डॉक्टरेट मिळाली ती २००५ मध्ये, शोधानंतर वीस वर्षांनी. प्राध्यापक त्याहून नंतर झाले, आणि २०१९ मध्ये नोबेल.

व्लादिमिर हेन्सेल यांना डॉक्टरेट होती, पण क्रम त्यांचाही उलटाच, आधी कंपनी आणि मग विद्यापीठ. प्लॅटिनमचा उत्प्रेरक वापरून हलक्या पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायची पद्धत त्यांनी कंपनीत असताना काढली, पहिला कारखाना १९४९ चा. प्लॅटिनम इतकं महाग की सगळे हसले. हेन्सेलनी ते इतक्या कमी प्रमाणात आणि असं पसरून वापरलं, की ते वर्षानुवर्षं टिकलं आणि हिशेब जमला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवायला गेले.

भारतात मात्र विद्यापीठात गाइड व्हायचं आणि सरकारी निधीसाठी अर्ज करायचा तर डॉक्टरेट लागतेच.

पगार किती?

एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. पीएच.डी.ला जेआरएफ (कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती) ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ संशोधकाची) ४२,०००, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे, घरभाडं वेगळं. सहायक प्राध्यापकाचा सातव्या वेतन आयोगातला मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, आयआयटीत वरच्या पायरीवर एक लाखाच्या थोडा पुढं, भत्ते निराळे. खासगी कॉलेजात कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा एकच आहे का, हे रुजू होण्याआधी तिथल्याच चार जणांना विचारा.

रिफायनरीत किंवा औषध कंपनीत जाणारा वर्गमित्र पहिली दहा वर्षं पुढं असेल. त्याची नवी गाडी बघून त्रास होणार असेल तर या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पेटंट घेतलं की करोडपती?

बहुतेक पेटंटांतून एक रुपयाही येत नाही. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं दुसऱ्याला अडवायचा हक्क. कारखानदारानं ते वापरायला घेतलं तरच पैसा. शिवाय प्राध्यापकाचं नाव शोधक म्हणून लागतं, मालकी बहुतेक वेळा संस्थेची असते आणि कमाईतला वाटा संस्थेच्या नियमानं मिळतो. रुजू होताना हा नियम मागून वाचा, कुणी आपणहून दाखवत नाही.

अडकवणारी खरी गोष्ट क्रमाची आहे. आधी शोधनिबंध छापला किंवा परिषदेत पोस्टर लावलं, की नवेपणा गेला. म्हणून आधी अर्ज, मग निबंध. घाई असेल तर तात्पुरता तपशील दाखल करून तारीख मिळवता येते आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा. व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर सुरुवातीची फी १,६०० रुपये, शैक्षणिक संस्थांनाही २०२१ पासून मोठी सवलत आहे. फीपेक्षा मसुदा लिहून घ्यायला वकिलाचा खर्च जास्त येतो.

नवेपणा किती कडक बघतात याचं घरचं उदाहरण हळदीचं. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख. त्यांनी जुने ग्रंथ आणि निबंध पुढं ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. आपल्या आज्जीला माहीत असलेली गोष्ट कुणाच्या नावावर लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या नावावरही लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

हायड्रोजनची एवढी हवा आहे. सोलापूरला त्यात काय?

ऊन आहे, ते कमी पडायचं नाही. पाण्याचं बोला. एक किलो हायड्रोजनला हिशेबानं नऊ लिटर शुद्ध पाणी आणि पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं उजनीच्या पाण्यावर आणखी एक गिऱ्हाईक उभं करण्याआधी शंभरदा विचार व्हावा. मात्र साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्के पाणी उसाबरोबरच येतं आणि आटवताना कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं पाणी) म्हणून हातात पडतं. ते स्वच्छ करून वापरता येईल का, हा मला खरा सोलापुरी प्रश्न वाटतो.

एनटीपीसीच्या धुराचं?

फताटेवाडीला एनटीपीसीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाईन या रसायनाच्या द्रावणात शोषून, मग द्रावण तापवून वेगळा काढता येतो. ही पद्धत १९३० पासून माहीत आहे. अमाईन आपल्या शेजारीच, तामलवाडी आणि चिंचोळी एमआयडीसीत बनतात. घोडं पेंड खातं ते द्रावण तापवायच्या वाफेपाशी. ती टर्बाइनमधून काढावी लागते, म्हणजे वीज घटते. कमी वाफेत मोकळं होणारं द्रावण शोधणं हा जगभर चाललेला उद्योग आहे.

मुलगा शिकून सोलापुरात परत येईल का?

संशोधक म्हणून आज तरी अवघड. इथं अशा जागा फार कमी आहेत. पुणे-मुंबईत राहून इथल्या कारखान्यांचे प्रश्न सोडवणारे मात्र होऊ शकतात, आणि कारखान्याचे चेअरमन त्यांना भेटायला तयार असतात, कारण वाचलेली वाफ म्हणजे विकलेली वीज, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

सर, आत्ता सुट्टीत मी काय करू?

ऊस गाळपाचा हंगाम जूनमध्ये नसतो, म्हणून दुसरीकडं जा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं सूत रंगवणारी डाइंग हाउसं आहेत. ओळखीनं परवानगी काढा, थर्मामीटर घ्या आणि रंगाच्या भांड्यातून गटारात जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. समजा ते सत्तर अंश आहे. हजार लिटर पाणी चाळीसपर्यंत निववलं तर ३०,००० किलोकॅलरी मिळतात. जळाऊ लाकडाची किलोला साडेतीन हजार धरा, बॉयलर निम्मीच उष्णता कामी लावतो असं धरा, म्हणजे हजार लिटरमागं सतरा किलो लाकूड गटारात गेलं. दिवसाला किती हजार लिटर जातं ते मालकाला विचारा आणि गुणाकार त्यांच्यासमोरच करा.

मालक म्हणतील, आम्हाला माहीत आहे, पण त्या पाण्यात सुताचे तंतू आणि रंगाचा गाळ असतो, हीट एक्स्चेंजरच्या (गरम पाण्याची उष्णता गार पाण्याला देणाऱ्या यंत्राच्या) नळ्या लगेच तुंबतात. बरोबर आहे त्यांचं. तुंबलेली नळी बघायला मागा, तंतू कुठं अडकतात, पहिल्या वळणावर की तोंडाशीच, ते टिपून घ्या आणि वही घेऊन माझ्याकडं या.